दोरा नसलेला भोपळा

मावशीची जीभ गेली, ही गोष्ट जगात फक्त मावशीला ठाऊक होती. जीभ गेली म्हणजे बोलणं गेलं नव्हतं. ते गेलं असतं तर घरात घड्याळ टिकटिकतं, हे नवऱ्याला पहिल्यांदा कळलं असतं. गेली होती ती चव. गेल्या हंगामाच्या शेवटी तिला मोठा ताप आला, अंथरुणाला खिळवून गेला आणि जाताना चव घेऊन गेला. साखर काय, मीठ काय, तोंडात सगळं सारखंच.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर हळहळून सोडून दिलं असतं. पण मावशी पंख्यांच्या कारखान्यातल्या कँटीनची मुख्य आचारीण. सगळा कारखाना तिच्या हातचं जेवायचा. तिच्या आधीच्या आचाऱ्याचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्याला निरोपाचा हार घालून दोन दिवसांत घरी पाठवलेलं तिने पाहिलं होतं. घरी बसून ती करणार काय? मोठ्या पातेल्यासमोर डाव घेऊन उभं राहिलं की तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. म्हणून तिने तोंडातून ब्र काढला नाही. मीठ अंदाजाने घालायची, डाव तोंडाला लावल्याचं नाटक करायची आणि सगळ्यांत आधी जेवणाऱ्या वॉचमनच्या तोंडाकडे डोळे लावून बसायची. तो मान हलवून "झकास!" म्हणाला की तिचा जीव भांड्यात पडायचा. हा माणूस कच्चं पीठ दिलं तरी झकासच म्हणतो, हे मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं.

घरामागे चिंचोळं परसू होतं आणि मधोमध तारेचं कुंपण. कुंपणाच्या एका अंगाला मावशीचे भोपळे, लांबट, हिरव्या पट्ट्यांचे, कोवळे असताना सालीसकट शिजणारे. दुसऱ्या अंगाला नवऱ्याचे. हा गृहस्थ सोफे-खुर्च्यांना कापड चढवण्याच्या कामातून निवृत्त झाला आणि शोभेच्या भोपळ्यांच्या नादी लागला. कुणाला बदकासारखी मान, कुणाच्या अंगावर फोड, कुणी अर्धा पिवळा अर्धा हिरवा. देठ वाळला की तो ते उतरवायचा, पुसायचा, कागदावर एकमेकांना न टेकवता मांडायचा आणि रोज त्यांची कूस बदलायचा. आत बिया खुळखुळेपर्यंत ही सेवा चालायची. कपाटावर भोपळे, जिन्यात भोपळे, रेडिओवर भोपळे.

"पाहुण्यांना बसायला जागा नाही आणि यांना मात्र गाद्या!" मावशी म्हणायची.

"पाहुणे खातात. हे खात नाहीत," नवरा म्हणायचा.

"खाण्याच्याही कामाचे नाहीत!"

यावरून रोज ठिणगी पडायची. पण खरी अडचण वेगळी होती. दोन्हींची जातकुळी एक, आणि मधमाशीला कुंपण कळत नाही. शोभेच्या फुलातला पराग मावशीच्या फुलावर पडला, तर त्या वर्षीचं फळ नेहमीसारखंच गोड लागतं, पण त्याच्या बीमधून पुढच्या वर्षी कडूजहर भोपळा निघू शकतो. तो खाणाऱ्याचं पोट असं बिघडतं की दवाखाना गाठावा लागतो. म्हणून ज्यांचं बी धरायचं, ती मादी फुलं नवरा उमलायच्या आदल्या संध्याकाळीच दोऱ्याने बांधून ठेवायचा. सकाळी मावशी तिच्याच वेलाचं नर फूल आणून आत फिरवायची, फूल पुन्हा बांधायची आणि देठाला लाल दोरा अडकवायची. बी धरायचं ते लाल दोऱ्याच्याच फळाचं. शिवाय शिजवण्याआधी प्रत्येक भोपळ्याची कच्ची फोड मावशीने चाखायची, हा नियम. इतक्या वर्षांत एकही कडू निघाला नव्हता.

दर हंगामातले पहिले भोपळे कँटीनला जायचे. त्या सकाळीही मावशीने प्रत्येकाची फोड काढली, चघळली. पाण्यात भिजवलेला कापूस चघळावा, तसं लागलं.

"गोड आहेत," ती म्हणाली.

नवऱ्याने पोतं सायकलला बांधलं आणि दोघं कारखान्याकडे चालू लागली. तो खुशीत होता. फाटकाशी पोतं उतरवताना छाती फुगवून म्हणाला, "यंदा कसले पोसलेत बघ! बी कुणी धरलं होतं?"

"कुणी म्हणजे? लाल दोऱ्याचं असेल ना?"

"तू तापात होतीस. लाल दोऱ्याचं फळ एवढंसं, किडकं. मी आपलं सगळ्यांत मोठ्याचं बी काढलं."

"अहो, त्याला दोरा नव्हता!"

"नसू दे की. आपण खाल्लं होतं ते. साखरेसारखं होतं!"

"फळ आईसारखं असतं हो, बी दोघांचं! माशी कुणाचा पराग घेऊन आली, तुम्हाला काय ठाऊक?"

नवऱ्याचा चेहरा पडला. मग तो एकदम सावरला. "पण तू चाखलेस ना सगळे?"

"चाखले," मावशी म्हणाली. तो सुटकेचा श्वास टाकून सायकलवर टांग मारून निघून गेला.

वॉचमनने पोतं लगेच आत पोचवलं, आणि मावशी आत जाईपर्यंत ते सोडून बायकांनी चिरायला सुरुवातही केली होती. तेल तापलं होतं. मावशी पातेल्यापाशी उभी राहिली. एक वाट सोपी होती. भोपळे आतून नासलेत म्हणायचं आणि उकिरड्यावर टाकायचे. मावशीच्या शब्दावर कुणी ब्र काढला नसता. पण उद्या दुसरं काही असेल. खवट तेल असेल, उतरलेलं दूध असेल. वॉचमनच्या तोंडाकडे बघून ती किती दिवस कारखाना जेवू घालणार? आणि एखादा आडवा झाला तर?

"थांबा," ती म्हणाली. "टाकू नका कढईत. आधी चाखा."

"तुम्ही चाखले असतील की," दुसरी आचारीण म्हणाली. तिच्या तोंडाला धार फार, म्हणून सगळे तिला मिरची म्हणायचे. मुख्य आचारीण व्हायची तिची इच्छा कुणापासून लपलेली नव्हती, आणि म्हणूनच मावशीला तिच्यासमोर बोलणं सगळ्यांत जड गेलं.

"मला चव कळत नाही," मावशी म्हणाली. "ताप आल्यापासून. काहीच कळत नाही."

हातातल्या सुऱ्या थांबल्या. मिरचीने एक फोड उचलली, तोंडात टाकली. ठीक. दुसरी. ठीक. तिसरी चावली आणि धावत मोरीवर जाऊन थुंकली. चूळ भरली, पुन्हा भरली, डोळे पुसत परत आली.

"कडूजहर! मावशी, हे खाऊन सगळे आडवे झाले असते!"

तो सगळा ढीग मावशीने स्वतःच्या हाताने उचलून टाकला. गोड काय नि कडू काय, एकाच बीचे. मग पदराला हात पुसून ती कुणाला काही न सांगता साहेबांच्या खोलीकडे निघाली. काम जाणार हे ठरलेलंच, तर ते आपल्याच तोंडाने सांगावं.

मिरची मागोमाग आली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि शेवटी मावशीला ज्याची भीती होती नेमकं तेच विचारलं, "मग चव कोण बघणार?"

"मी बघते," मिरची म्हणाली. "आम्ही किती महिने खारट जेवतोय साहेब, माहितीय? मला वाटलं, मावशींच्या घरी काही बिनसलंय. विचारायची हिंमत झाली नाही. स्वयंपाक त्यांनी करावा. त्यांच्यासारखा अंदाज मला नाही."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "चालवून बघू," ते म्हणाले. "पण पातेलं हिने चाखल्याशिवाय बाहेर जाणार नाही."

मावशीला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. परत येऊन तिने घाईघाईने बटाटे टाकले, मसाला घातला, हाताच्या अंदाजाने मीठ टाकलं. डाव भरून उचलला. सवयीने तोंडाकडे नेला, मग तो मिरचीपुढे धरला. मिरचीने फुंकर मारून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ!" ती म्हणाली.

याच कढईपाशी उभं राहून मावशीने दोन पिढ्यांच्या बायकांना मीठ शिकवलं होतं. तिने डाव खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "कमी की जास्त?"