ख्मैसची बिनचूक रेघ

ख्मैस आमच्या नगरपालिकेत चाळीस वर्षं नकाशे काढत होता. हात असा, की मोजपट्टीने मान खाली घालावी. स्वभाव मात्र नियमाला चिकटलेला. मी त्याच्याच हाताखाली शिकले, आणि त्या नियमांपायी त्याला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या ते माझं मला ठाऊक. ज्या घराला खरेदीखत नाही, ते नकाशात दाखवायचं नाही, हा कचेरीचा नियम. त्याला आम्ही 'पांढरं सोडणं' म्हणायचो. समुद्राकाठची करमूस वस्ती, तीनशे घरं, ख्मैसने अशीच पांढरी सोडली. त्यात त्याच्या सख्ख्या बहिणीचं, झुबैदाचंही घर होतं. ती कुरकुरली तेव्हा हा हसला. "कागदावर नाही म्हणून भिंती पडतात होय गं?"

पडल्या. तो निवृत्त झाल्यावर वस्ती उठवली, तिथे बाग केली. झुबैदाला गावाबाहेर चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या.

गेल्या वर्षी नगररचनेच्या बक्षिसांसाठी पाच परीक्षक नेमले. त्यात जुना जाणता म्हणून ख्मैस, आणि टिपणं घ्यायला मी. पहिल्या बक्षिसासाठी तीच बाग पुढे होती. आदल्या दिवशी झुबैदा त्याला म्हणाली, "खूया, भावा माझ्या, घर परत नको मला. आम्ही तिथे राहत होतो, एवढं त्या मोठ्या लोकांपुढे बोल."

तो बोलला. "ओसाड जागेवर बाग फुलवली असं अर्जात लिहिलंय, ते खोटं आहे. तिथे तीनशे घरं होती."

अध्यक्ष सलवाबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी अर्जातला जुना नकाशा पसरून नीट पाहिला. "ख्मैससाहेब, इथे तर एकही घर नाही. कुणी काढलाय हा?"

खाली त्याचीच सही होती. "मी," तो म्हणाला.

"मग चुकलाय म्हणा. तसं लिहून घेते, आणि अर्ज बाजूला ठेवू."

मी पेन सरसावलं. अरे, म्हण ना! एक शब्द! ख्मैस त्या नकाशाकडे बघत बसला. कान लाल झाले होते.

"चुकलेला नाही," तो शेवटी म्हणाला. "नियमाप्रमाणे बरोबर आहे."

बाग पहिली आली. करमूस वस्तीत झुबैदाच्या हातचं मीही जेवले होते, तरी गप्प बसले. ती लाज अजून जात नाही.

त्याने बहिणीपासून काही लपवलं नाही. सगळं ऐकून ती उठली आणि त्याचं ताट वाढायला घेतलं. मासा नेहमीसारखा मोठा वाढला.

हिवाळ्यात तो गेला. तोवर दर शुक्रवारी तिच्याकडे जायचा आणि दारातच विचारायचा, "अजून रागावली आहेस?"

"कशावरून, खूया?" ती म्हणायची. "तिथे काही होतंच कुठे?"