दारावर आलेले शहाणे

धाकटा भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पारोळ्याच्या आमच्या घरी शहाण्या माणसांची रीघ लागली. आमच्याकडे कुणी गेलं की लोक दारावर येतात. पुरुष ओट्यावर सतरंजीवर बसतात, बाया आत आईजवळ. यावं माणसांनी, माझी ना नाही. पण तोंडं घरी ठेवून आली असती तर उपकार झाले असते.

"सुटना बिचारा," पहिली म्हणाली. दुसरीने भर घातली, "तुम्हीबी सुटनात, आक्का." जणू भाऊ कैदेत होता आणि आम्ही पहाऱ्यावर. एक निवृत्त मास्तर तर अभ्यास करून आले होते. "ऑटिझमवाल्यांचं आयुष्यच कमी असतं. मोबाइलवर वाचलं मी." का कमी असतं, तेही लिहिलं होतं का, असं मी विचारलं. म्हणाले, "तेवढं खालपर्यंत नाही वाचलं."

मग खालचं मीच सांगते.

भाऊ बोलत नसे. अंगाने धडधाकट, चाळिशीही गाठली नव्हती. लग्नघराच्या दारातल्या चपला तो मापाप्रमाणे ओळीने लावून ठेवी, आणि जेवून निघालेले पाहुणे आपला जोड शोधत फिरत. मला हसू येई. वडील मात्र प्रत्येकापुढे हात जोडून उभे. "तो आसाच शे भाऊ, मनवर लेऊ नका." बसमध्ये तेच, देवळात तेच, न्हाव्याकडे तेच. कुणी तक्रार करायच्या आत त्यांचे हात जोडलेले असत. गाव त्यांना भला माणूस म्हणे. मला त्या भलेपणाची चीड होती, अजून आहे.

त्या आठवड्यात भाऊ जेवेना. मग फरशीवर पालथा पडून राहिला, उठवायला गेलं की बोचकारू लागला. वडील त्याला गावातल्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथेही तो फरशीवर पडला. डॉक्टर वाकले, तसा याने हात झटकला आणि त्यांचा चष्मा उडाला. डॉक्टर मागे सरकले. "हा नेहमी असंच करतो का?"

वडिलांचे हात सवयीने जुळले. "असाच आहे साहेब, लहानपणापासून. मनावर घेऊ नका."

भाऊ उभ्या जन्मात कधी फरशीवर झोपला नव्हता. गार फरशी त्याच्या पायालासुद्धा खपत नसे, घरातही चप्पल घालून फिरे. पण डॉक्टरांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. दुसरा कुणी असता तर पोट दाबून पाहिलं असतं, सोनोग्राफी लिहून दिली असती. भावाला मिळालं झोपेचं औषध. तो गप्प पडला आणि घरात सगळे म्हणाले, गुण आला.

मी जळगावला असते, तिथून पोहोचले तेव्हा त्याचं अंग भाजत होतं आणि पोट पाटासारखं कडक झालं होतं. तशीच गाडी करून धुळ्याला नेलं. अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता. "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" सर्जन ओरडले. वडिलांचे हात पुन्हा वर येऊ लागले, ते मी धरून खाली केले. भाऊ तिथेच गेला.

आणि हे म्हणे, आयुष्यच कमी असतं! अहो मास्तर, अपेंडिक्स तुमच्याही पोटात आहे. ते दुखलं तर तुम्ही बोंबलाल आणि सगळी गल्ली गोळा होईल. माझा भाऊ त्याच्या परीने बोंबललाच होता, त्याला झोपवलं. हे मी ओट्यावर सगळ्यांसमोर बोलले. मास्तरांनी कप खाली ठेवला, उन्हं फार झाली म्हणाले आणि उठले. वडील सतरंजीचे दोरे ओढत बसले होते. त्यांच्यावर ओरडायचं होतं मला, पण जमलं नाही.

सुतक फिटायचं, त्या गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी मागच्या गल्लीतली पिंजाऱ्याची बायको आली. तिचा नवरा गाद्या भरतो. मुलगी दहाएक वर्षांची, भावासारखीच, न बोलणारी. बाई आईजवळ बसली, सुटला वगैरे काही बोलली नाही. बाकीच्या बाया गेल्यावर माझ्याकडे सरकली.

"ताई, त्याले दुखे तवय तो काय करे?"

एवढ्या माणसांत कामाचं विचारणारी ही एकटीच. मी आईकडे पाहिलं. भावाची ताटली कुठली, पंखा कितीवर हवा, कुठल्या रंगाचा सदरा चालत नाही, हे आई झोपेतही सांगेल. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग दारातून बाहेर वडिलांकडे. दुखण्याची खूण तेवढी दोघांनाही ठाऊक नव्हती.

"फरशीवर पडून राहिला," मी म्हणाले. "तुझी पडली तर कुणाचं ऐकू नको, उचल आणि धुळ्याला ने."

"आनि दुसरं काही करी तर?"