सगळे गायजिन

“गायजिन.” एवढंच म्हणून ते मान हलवत आणि पुढचं पिल्लू उचलत. फोरमननं कपात चमचा वाजवला, गायजिन. कुणी हात न धुता सँडविच खाल्लं, गायजिन. म्हणजे जपानीत परका माणूस, बाहेरचा. आता तुम्हीच सांगा, लीड्सजवळच्या खेड्यात हा एकटा जपानी गृहस्थ, आणि तिथल्याच लोकांना परकं म्हणायचा!

पासष्ट-सहासष्ट साल असेल. आमचे हे हॉस्पिटलात डॉक्टर. घरात बसून मला वेड लागायची पाळी आली, म्हणून मी कोंबडीची अंडी उबवणाऱ्या एका हॅचरीत खोकी जुळवायचं काम धरलं. तिथले सगळ्यांत मानाचे कारागीर म्हणजे हे जपानी गृहस्थ. एका दिवसाचं पिल्लू दिव्याखाली उलटं धरून क्षणात नर की मादी ते ओळखायचं. मादी उजव्या खोक्यात, नर डाव्या. मला मेली सगळी सारखीच पिवळी दिसत. त्यांचा हात दिवसभर थांबत नसे, चुकत तर नसेच. इतक्या घाईतही पिल्लू कधी टाकत नसत, ठेवत. खरं सांगते, मी काम सोडून बघत राहायची.

त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर फोरमन लालबुंद झाला. इथे परके तुम्ही, आम्ही नव्हे, म्हणाला. त्यांनी शांतपणे सांगितलं की ही शिवी नाही. घराबाहेरचा तो गायजिन, आणि घर जपानात आहे.

“मग मी?” मी विचारलं.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. “तुम्हीही गायजिन. पण हात धुता.”

ते प्रशस्तिपत्रक मी संध्याकाळी घरी ह्यांना दोनदा ऐकवलं.

पुढे चौदा वर्षांनी ते जपानला आईकडे निघाले. आता तिकडेच राहणार म्हणून सगळ्यांचा निरोप घेतला, आपला दिवा फोरमनला दिला. आणि तीन आठवड्यांत पुन्हा त्याच खुर्चीत! कुणी काही विचारेना. शेवटी मीच विचारलं.

दारात बहीण उभी होती, ते म्हणाले. तिकडच्या रीतीनं वाकायचं सोडून त्यांनी इथल्या सवयीनं हात पुढे केला. बहीण हसली आणि आत आईला हाक मारून म्हणाली, गायजिन आलाय.

“थट्टा होती,” ते म्हणाले. त्यांचा हात मात्र थांबला होता. त्या दिवसानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

दोन वर्षांनी मी पुण्याला निघाले. इंग्लंडला आल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी मुद्दाम थांबवून सांगितलं, “दारात आधी वाका. हात मग.”

मी वाकले. ताईच्या पायाला हात लावला, तर ती दोन पावलं मागे सरकली.

“अगं, पाया काय पडतेस? पाहुणी आहेस का?”

सगळे हसले, मीही हसले. मग मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत बसले.

हे त्यांना सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. परत आल्यावर पहिल्या दिवशी धावतच गेले, तर खुर्ची रिकामी. आई अंथरुणाला खिळल्याचं पत्र आलं होतं. ते कायमचे गेले होते.

“मी हात पुढे केला,” फोरमन म्हणाला, “तर तो कमरेत वाकला. आता सवय करायला हवी, म्हणाला.”

“मग तुम्ही काय केलंत?”

फोरमननं दिव्याची वायर उगाच सरळ केली.

“मीही वाकलो.”