सलीमाने पोटात घातलेल्या चुका

बिबवेवाडीच्या सलीमा शिकलगारचा स्वभावच असा, की चूक दुसऱ्याची दिसली तरी लाज हिला वाटायची. जावेच्या भाजीत मीठ जास्त पडलं, तर सासूला कळायच्या आत त्यात बटाटा ढकलून मोकळी. घरात हे चालतं हो. पण हाच स्वभाव तिने धायरीच्या कंपनीत नेला आणि तिथे तो नडला.

कंपनी लहानशी. दवाखान्यांतल्या यंत्रांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड तिथे तयार व्हायचे. नारायण पेठेतले गोपाळकृष्ण गद्रे कॉम्प्युटरवर सर्किटचं ड्रॉइंग काढायचे, म्हणजे कुठला भाग कुठल्या भागाला जोडायचा ते. त्यावरून सलीमा लेआउट करायची, म्हणजे बोर्डावर तांब्याच्या रेषा प्रत्यक्षात कुठून न्यायच्या ते. डिप्लोमा करून ती आली, तेव्हा हे काम गद्रे सरांनीच तिला शिकवलं. जीभ मात्र तिखट. "ड्रॉइंगला न विचारता रेष हलवलीत? मग मी इथे काय शोभेला बसलोय?" बदल आधी ड्रॉइंगमध्ये, मग बोर्डात, हा त्यांचा कायदा होता.

पुढे सरांच्या पत्नी मंदाकिनीबाई वारल्या आणि सरांचं कामातलं लक्ष उडालं. ड्रॉइंगमध्ये चुका राहू लागल्या. पहिली दिसली तेव्हा सलीमा उठून त्यांच्या टेबलापर्यंत गेलीही होती. सर समोरचा डबा न उघडता नुसते बसले होते. तिला बोलवेना. परत येऊन तिने लेआउटमध्येच जोडणी बदलली आणि ड्रॉइंग चुकीचं तसंच राहू दिलं. बोर्ड छान चालला. मग काय, तिला ती सवयच लागली. सरांची चूक चार लोकांत उघडी पडू नये, एवढाच तिचा ध्यास. दोन्ही जुळत नाहीत असा इशारा सॉफ्टवेअर दर वेळी द्यायचं. ही बया तो बंद करून पुढे जायची. याला माया म्हणा नाहीतर मूर्खपणा, मला तरी दोन्ही वाटतं.

नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पाळण्याचा बोर्ड तिने असाच सावरून पुरा केला आणि नणंदेच्या लग्नासाठी रजेवर गेली. तेवढ्यात एका कनेक्टरची जोडणी बदलायची निघाली. सरांनी स्वतः ड्रॉइंगमध्ये बदल केला आणि आपल्या कायद्याप्रमाणे बोर्ड ड्रॉइंगशी जुळवून घेण्याची आज्ञा सॉफ्टवेअरला दिली. सॉफ्टवेअर बिचारं सांगकाम्या. सलीमाने सुधारलेल्या जोडण्या पुन्हा चुकीच्या झाल्या. जिथे रेषा जुळत नसल्याच्या लाल खुणा उमटल्या, तिथल्या रेषा सरांनी आपल्या हाताने, पूर्ण विश्वासाने ड्रॉइंगप्रमाणे वळवल्या. बोर्ड बनून आले. चाचणीत वीज देताच पहिल्याच बोर्डातून धूर निघाला. नशीब, पाळण्यात बाळ नव्हतं.

रजेवरून आल्या आल्या सलीमाला आणि सरांना मालकीणबाईंनी, विजयमाला पानसे यांनी, केबिनमध्ये बोलावलं. "चूक कोणाची?"

"माझी. लेआउट माझं आहे," सलीमा लगेच म्हणाली.

ते अगदीच खोटंही नव्हतं. पण गद्रे सर सकाळपासून तिचं जुनं लेआउट आणि आपलं ड्रॉइंग शेजारी शेजारी उघडून बसले होते.

"मला पाठीशी घालू नका, सलीमाबाई," ते म्हणाले. "ड्रॉइंगमध्ये उलटी जोडणी मी केली. तुमच्या जुन्या लेआउटमध्ये ती सुलटी आहे. म्हणजे तुम्हाला चूक दिसली होती. कधीपासून चाललंय हे?"

"मंदाकिनीकाकू गेल्यापासून."

सर चिडले असते तर बरं झालं असतं, असं सलीमाला वाटलं. पण त्यांनी हळू आवाजात विचारलं,

"तुम्हाला शिकवताना तुमची एक तरी चूक मी पोटात घातली का? नाही घातली. सांगितलं की तुम्ही सुधाराल, असा भरवसा होता मला. माझ्याबद्दल तुम्हाला तेवढाही वाटला नाही?"

सलीमाच्या डोळ्यांना धार लागली. ज्यांचा मान राखायला ती एवढी धडपडली, त्यांना तिनेच कामातून गेलेला माणूस ठरवलं होतं, आणि हे तिला आत्ता कळत होतं.

दुपारी ती खुर्ची ओढत सरांच्या टेबलाशी गेली. सगळ्यांच्या माना वळल्या.

"सर, जुन्या ड्रॉइंगमध्ये अजून चुका आहेत. दाखवू?"

"दाखवा. आणि मोठ्याने सांगा, कुजबुजायला आपण काही चोरी करत नाही."

तिने सगळ्यांदेखत पहिली चूक सांगितली. सरांनी ती जोडणी खोडली, नवी काढली, पुन्हा एकदा तपासली.

"हं," ते म्हणाले. "पुढची."