जबड्याखालचं पाणी

मला नसत्या चौकशा फार. फुफी म्हणते, "ही मेल्यावर बी इचारंल, मला कुनी उचललं नि कुठनं नेलं." फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. श्रीगोंद्याकडच्या आमच्या घरात शेळ्यांचा कारभार तिचा. मी शहरात, सावेडीत राहते. बकरी ईदला सुट्टी काढून गावी गेले आणि तिच्या म्हाताऱ्या शेळीकडे बघत बसले.

शेळीच्या जबड्याखाली मऊ फुगवटा होता. संध्याकाळी चरून आली की तो टम्म व्हायचा, आणि सकाळी बघावं तर जवळपास गायब. बोटानं दाबला की खळगा पडायचा.

"फुफी, हे काय गं?"

"प्वाट भरलं की गाल भरत्यात. खात्या-पित्या घरचं जनावर हाय ते."

"मग सकाळी कुठं जातात गाल?"

"तुज्या तोंडात," फुफी म्हणाली.

पण गाल भरलेल्या शेळीच्या पाठीची हाडं वर आली होती, ते काही मला पटेना. लाड तर असे, की गावच्या शेळ्या माळावर वाळकं कुसळ खायच्या आणि फुफी मात्र ही शेळी आणि तिच्याच पोटचा, ईदसाठी वाढवलेला बोकड पाटाकडे न्यायची. तिथं पाणी पाझरतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही गवत हिरवंगार.

ईदच्या दिवशी कुर्बानीची कलेजी पोटात गेल्याशिवाय आमच्याकडे कुणी घास घेत नाही. कांदा तांबूस झाला होता, पोटात कावळे ओरडत होते, आणि अब्बांनी त्या बोकडाची कलेजी चिरली. कापलेल्या नळीतून कडुनिंबाच्या वाळक्या पानासारखं तपकिरी, चपटं काहीतरी बाहेर आलं. "या अल्ला!" अब्बा म्हणाले. सगळे मागे सरले, मी पुढे. ते पान हळूहळू अंग आकसून घेत होतं. मी पाण्याची बाटली आणून त्यात ते सोडलं, मागोमाग दुसरंही. बाई गं, इतकं किळसवाणं आणि इतकं बघत राहावं असं मी आधी काही पाहिलं नव्हतं!

अब्बांनी कलेजी खोल खड्ड्यात पुरली. फुफी चुलीपाशी बसून राहिली. मला वाटलं, ईदचा विरस झाला म्हणून. पण ती म्हणाली, "त्याची माय बी त्येच गवत खाती गं."

दुसऱ्या दिवशी शेळी आणि बाटली घेऊन आम्ही जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी शेळीची पापणी ओढली. आतून पांढरीफटक.

"पाझरात बारक्या गोगलगाई असतात ना, त्यांच्या अंगात या किड्यांची पिल्लं वाढतात," ते म्हणाले. "मग ती गवताच्या बुडाला चिकटतात. गवत खाल्लं की थेट कलेजीत, आणि तिथं रक्त पितात. रक्त पातळ झालं की अंगात पाणी साठतं. दिवसभर मान खाली घालून चरलं की ते जबड्याखाली उतरतं, रात्रीतून ओसरतं."

माझं कोडं सुटलं! मी तिथंच टाळी वाजवली. फुफीनं असं पाहिलं की हात हवेतच राहिले.

"वाचंल का?" तिनं विचारलं.

"औषध देतो. पण अशक्त फार झालीय. पाझराचं गवत मात्र कायमचं बंद."

"गोगलगाय अन् पोटात पाय," फुफी पुटपुटली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "लोकांच्या शेळ्या वाळकं खाऊन धडधाकट, नि मी हिरवं चारून हिला मारायला निगाले व्हय?" मला फार वाईट वाटलं.

मी सुट्टी वाढवली. फुफी शेळीला माळावर न्यायला लागली. ती बया पाटाकडे ओढायची, ओरडून गाव गोळा करायची. संध्याकाळी परत आल्यावर चपला काढायच्या आधी फुफी तिच्या जबड्याखाली हात घालायची. "अजून हाय," एवढंच म्हणायची आणि जेवायला नको म्हणायची.

मग एका संध्याकाळी मी भाकरी थापत असताना अंगणातून हाक आली, "रिकामं हाय गं! चरून आली तरी रिकामं हाय!"

मी पिठाच्या हातानं धावले. शेळी तोंड वाकडं करून वाळकं गवत चघळत होती. मी जबड्याखाली बोट लावलं. नुसती कातडी आणि हाड.

"फुफी, गाल कुठं गेले गं?"

"तुज्या तोंडात," फुफी म्हणाली, आणि शेळीच्या मानेत तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली.