तिसऱ्या पेल्यात पाणी नव्हतं

भिंतीतून बडीशेपेचा वास येतो, असं मी सुनेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या. शेजारी शिंकला तरी आपल्याला सर्दी होते." आणि लॅपटॉपची पिशवी पाठीला लावून ती कामाला गेली. पण वास रोज यायचा. दुपारी साडेतीनला सुरू व्हायचा आणि अंधार पडला की थांबायचा. मुलाच्या ह्या परदेशी गावात, ॲडम्सटाउनला, नोव्हेंबरात अंधार साडेचारलाच पडतो.

मी चौथी शिकलेला माणूस. पण साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत एकतीस वर्षं काढली, मळीच्या खड्ड्यापासून वर चढत गेलो, आणि नाकाच्या बाबतीत बीएस्सी झालेल्या साहेबांनाही मी कधी हार गेलो नाही. तो वास नुसत्या बडीशेपेचा नव्हता. बडीशेपेच्या पाठीमागं स्पिरिट होतं.

मुलाकडं सहा महिन्यांसाठी आलो होतो. मुलगा हृदयात बसवायच्या जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. दिवसभर घरात मी एकटा. बाहेर एका साच्यातून काढलेली घरं, सगळ्या खिडक्यांना पडदे, रस्त्यावर माणूस नाही. स्टेशनात गाडी येते, थांबते, जाते. दुपारच्या गाडीतून मी कधी कुणाला उतरताना पाहिलं नाही.

मुलाचा रोज एकच धोशा. "बाबा, काकांना फोन लावू का?" माझा थोरला भाऊ गावी अंथरुणाला खिळला होता. पाय सुजलेले, मूत्रपिंडं थकलेली. अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

"त्यानं लावावा," मी म्हणायचो.

"ते आजारी आहेत, बाबा."

"बोटं आजारी नाहीत त्याची."

कारण सांगतो. आईच्या दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. तास झाला, लोक उन्हात उभे. माझ्या पोटात सकाळची थोडी होती, नाही म्हणत नाही. भाऊ सगळ्या भावकीसमोर बोलला, "दारुड्याच्या हातचं म्हातारी घेत न्हाई. ह्यो हिथनं गेल्याबिगर कावळा शिवायचा न्हाई." मी तसाच ओल्या कपड्यानं निघालो. मागून लोकांनी सांगितलं, मी वळणाआड गेलो आणि कावळा शिवला. त्या दिवशी ठरवलं, पहिला शब्द त्याचा. मरेन, पण माझा नाही.

असो. एका दुपारी मी सरळ जाऊन शेजारचं दार वाजवलं. माझ्याच वयाचा म्हातारा, पांढऱ्या मिशा, काळा स्वेटर. कोण, काय, काही विचारलं नाही. मला उशीर झाल्यासारखा चेहरा करून त्यानं आत घेतलं आणि खुर्ची दाखवली. सुनेनं नंतर चौकशी केली: माणूस ग्रीसचा, बायको वारली, मुलगी जवळच्या नास गावच्या हॉस्पिटलात नर्स, तिनं बापाला इकडं आणून ठेवलंय. त्याला इंग्रजी माझ्याइतकंच यायचं, इथं जो तो म्हणतो ते 'ग्रँड' एवढं. तो त्याच्या भाषेत बोलायचा, मी माझ्या. अडलं कुठंच नाही.

टेबलावर दोन बाटल्या असायच्या. चिठ्ठी लावलेली ती उझो. दिसायला पाण्यासारखी स्वच्छ, पण तिच्यात पाणी ओतलं की ढग उठतो आणि सगळं पांढरं होतं, बादलीत फिनेल टाकल्यावर होतं तसं. पहिल्या दिवशी मी पेला एका दमात रिकामा केला. आमच्याकडं गुत्त्यावर उभ्यानंच घ्यायची रीत. त्यानं कपाळावर हात मारला आणि मला शिकवायलाच बसला. एक घोट, मग ऑलिव्ह. एक घोट, मग खारट चीज, काकडी, मासा. रिकाम्या पोटी थेंब नाही. मी बर्फ आधी टाकला तर हातावर चापट मारली: आधी पाणी, मग बर्फ. आणि दर नव्या पेल्याला पेला भिडवायचा, डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "यामास!" मी पहिल्या घोटाआधी बोट बुडवून एक थेंब खाली उडवला, गेलेल्या माणसांसाठी. त्यानं बघितलं, समजला, आणि आपणही उडवला. मुलीच्या कार्पेटवर.

दुसरी बाटली साधी, पाण्याची, प्लास्टिकची. त्याच्या गावाहून आलेली त्सिपुरो. द्राक्षाचा चोथा आंबवून गाळतात. त्यातून तो एक तिसरा पेला भरायचा आणि रिकाम्या खुर्चीपुढं ठेवायचा. त्याला पाणी नाही, बर्फ नाही. अंधार पडला की तो पेला खिडकीतल्या लिंबाच्या कुंडीत रिकामा करायचा. बायकोचा असेल म्हणून मी विचारलं नाही. ह्या बाटलीत बडीशेप नाही हे मात्र मी पहिल्याच दिवशी हुंगून घेतलं होतं. मुद्दाम सांगतोय. दारू पांढरी होते ती बडीशेपेच्या तेलानं. तेल नसेल तर कितीही पाणी घाला, काचेसारखीच राहणार.

तीन आठवडे असे गेले. मग तो दिवस आला.

बाहेर धुकं होतं, समोरचं घर दिसत नव्हतं. त्यानं तिसरा पेला भरला, ठेवला, काकडी चिरायला लागला. माझं लक्ष सहज गेलं. पेल्याच्या तळाशी पांढरा धागा हलला. मग दुसरा. सुरी चालू होती, कुणी टेबलाला हात लावला नव्हता, आणि तो पेला तळापासून काठापर्यंत पांढरा होत गेला. मी वाकून हुंगलं. बडीशेप नाही. नुसतं द्राक्ष आणि स्पिरिट. बोट लावून पाहिलं तर काच कोमट. कुणीतरी मुठीत धरून आत्ताच खाली ठेवावा तशी.

सुरी थांबली. म्हातारा पेल्याकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता.

काय करावं कळेना, म्हणून नेहमीचं केलं. माझा पेला पुढं केला, "यामास!" त्यानं आपला पेला मागं घेतला. छातीशी धरला. मी पुन्हा पुढं केला. त्यानं मान वर उडवली आणि जीभ टाळ्याला लावून 'च्' केलं. त्यांच्यात ते 'नाही'.

आता हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या कपबश्या बाहेर वळचणीला खोचलेल्या असायच्या. आपण विसळायच्या, आपणच पुढं करायच्या, वरून चहा पडायचा. किटली कपाला लागू नये म्हणून ओतणारा हात कसा मागं राहतो, ते मी ह्या वयातही विसरलेलो नाही. हा तोच हात वाटला मला. सातासमुद्रापलीकडं येऊन तोच.

"माझ्या पेल्यानं बाटशील व्हय रं?" मी उभा राहिलो. "ठेव तुझी दारू तुला." तो काहीतरी बोलत दारापर्यंत आला. मी मागं बघितलं नाही.

चार दिवस गेलो नाही. वास येतच राहिला. पहिले दोन दिवस भिंतीतून, वेळेवर. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझ्या खोलीत आला, आणि त्यात बडीशेप नव्हती. नुसतं द्राक्ष. मी उशा झाडल्या, कपाट उघडलं, खिडकी उघडली. खिडकीतून गार वारा आत आला, वास काही बाहेर गेला नाही. घरात कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार?

शनिवारी त्याची मुलगी काहीतरी भाजून घेऊन आली. दारातच सुनेशी इंग्रजीत बोलत उभी राहिली. मी जिन्यावर बसून होतो.

"बाबा, ती विचारतेय, तुम्ही येत का नाही?"

"बापाला विचार म्हणावं. पेला कुणी मागं घेतला?"

सुनेनं विचारलं. मग बराच वेळ ती बाईच बोलत होती. सून माझ्याकडं वळली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"बाबा, त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी पितात तेव्हा पेला भिडवत नाहीत. त्यांनी तुमचा अपमान नाही केला."

"कोण मेलं?"

"कोणी नाही." तिनं त्या बाईकडं पाहिलं. "अजून नाही. ती म्हणते, तिची आई गेली त्याच्या आधी तो पेला असाच पांढरा झाला होता. ती म्हणते, मी नर्स आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण वडिलांनी निरोप दिलाय."

"काय?"

"की, तुझं कुणी राहिलं असेल तर त्याच्याशी बोलून घे."

मी जिन्यावरून उठलो नाही. चार दिवस मी म्हाताऱ्यावर राग धरून बसलो होतो, आणि तिकडं थोरला... मुलगा आतून आला. ह्या वेळी त्यानं विचारलं नाही. फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

बराच वेळ वाजला. मग घसा खाकरल्याचा आवाज.

"कोन हाय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बोला की. कोन?" मग म्हणाला, "बारक्या, तू हायस. श्वास वळखतो मी तुजा."

"दादा, जेवलास का?"

"अकरा वर्सांनी हे इचारतोस?" तो हसला, हसताना खोकला. म्हणजे जिवंत होता. पाय सुजलेत, बाकी बरा आहे म्हणाला, आणि लगेच ओरडला, "तिकडं दारू ढोसतोस का?"

"तुझ्या बोलण्यानं सोडली नाही," मी म्हणालो. "कावळ्याला माझी लाज वाटली ना, तेव्हापासून दुप्पट घेतो."

त्यानं पुन्हा घसा खाकरला.

"कावळा शिवलाच न्हाई, बारक्या."

"काय?"

"तू गेल्यावर बी न्हाई शिवला. ऊन कलंस्तवर बसलो. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला पिंडाला. कावळा शिवला म्हनून भावकीनं तुला सांगितलं, म्या खोडून काढलं न्हाई."

"मग अकरा वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कंदी?" मग म्हणाला, "तिला दोघं पायजे हुतो रं. एकाच्या हातचं कसं घेईल? ये तू. म्हाळाला दोघं मिळून ठिवू."

म्हाळाला, म्हणजे पितृपक्षाला, अजून दहा महिने होते. मी म्हणालो, म्हाळ कशाला, लगेच येतो. मुलानं त्याच संध्याकाळी परतीचं तिकीट अलीकडं ओढलं.

आज दुपारी मी शेजारी गेलो. म्हाताऱ्यानं आधीसारखीच खुर्ची दाखवली. मी त्याला मराठीत सगळं सांगितलं: भाऊ जिवंत आहे, बोलतो, भांडतो, पेला खोटा ठरला. त्यानं ऐकून घेतलं. प्लास्टिकच्या बाटलीतून तिसरा पेला भरला, ठेवला. आम्ही दोघं बघत राहिलो. तळाशी धागा हलला आणि पेला पांढरा झाला.

त्यानं आपला पेला उचलला आणि मांडीवर घेतला. माझ्यापासून लांब. आणि पुन्हा माझ्याकडं तसाच बघत राहिला.

तेव्हा कळलं मला. अकरा वर्षं मी धरून चाललो होतो की आधी जाणार तो. थोरला तो, आजारी तो. दुसरं काही डोक्यात आलंच नव्हतं.

भ्यालो. नाही म्हणत नाही. पण मी उठून पळणारा माणूस नव्हे. एकदा नदीवरून निघून गेलो तेवढं पुरे झालं. मी बोट बुडवलं, थेंब खाली उडवला. मग माझा पेला उचलला आणि म्हाताऱ्याकडं नाही, तिसऱ्या पेल्याकडं नेला. म्हातारा ओरडला, छातीवर क्रूस काढायला लागला.

"कुणासाठीही आलेला अस," मी त्या रिकाम्या खुर्चीला म्हणालो. "मी उद्या गावी निघालोय. आम्ही दोघं भाऊ आईचा पिंड ठेवणार आहोत. कावळा शिवेपर्यंत थांबायचं. त्याआधी यायचं नाही."

आणि पेल्याला पेला भिडवला.

टेबलावर नुसत्या ठेवलेल्या पेल्याला दुसरा पेला लागला की कसा वाजतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. तसा तो वाजला नाही. पलीकडून कुणी हातात घट्ट धरलेला पेला वाजतो, तसा बद्द वाजला.