पारूअक्काचं चार बोटांचं जाळं

फणसमळात कुणाचं जाळं फाटलं की घरची बाई आधी नवऱ्यावर तोंड टाकते, मग ऊदांवर, आणि मग जाळं गुंडाळून पारूअक्काकडे पाठवून देते. दिग्गीहून खाली उतरणाऱ्या काळी नदीच्या काठावरचं हे बावीस घरांचं गाव. त्या बावीस घरांत जाळं विणता येणारं माणूस एकच, ते म्हणजे पारू वेळीप. वय पंचावन्नच्या मागंपुढं. गुडघे कामातून गेलेले, पण बोटं अजून अशी चालतात की बघणाऱ्याची नजर मागं पडते.

हा हुन्नर तिच्या बापाचा. बाप परशू जाळी विणायचा आणि त्याला वाटायचं की धाकटा पोरगा कृष्णा हे काम उचलेल. पण कृष्णाला एका जागी बसवत नसे. बापानं बांबूची सुई हातात दिली की हा ती कानात घालून बसायचा. पारू मात्र न सांगता शिकली. लग्न होऊन सासरी गेली, दहा वर्षांत नवरा तापानं गेला, आणि ती माहेरी परत आली ती येताना सुई घेऊनच. तेव्हापासून कृष्णाच्या घराला लागून तिचं दोन खणांचं घर आणि ओसरीवर कुणाचं ना कुणाचं जाळं.

ऊद म्हणजे पाणमांजर. जाळ्यात अडकलेला मासा त्याला आयता मिळतो. मग मासा जातो आणि त्याच्याबरोबर जाळ्याचा हातभर तुकडाही जातो. जाळी फाटतात म्हणून पारूला काम मिळतं, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यामुळं ऊदांना गावात कुणी ऊद म्हणतच नसे. ‘पारूचे भाऊ’ म्हणत. ‘काल तुझे भाऊ आलेले गो अक्का, बघ काय करून गेले!’ असं म्हणत कुणी जाळं पुढ्यात टाकलं की पारू ते उलगडायची, भोकाभोवती बोट फिरवायची आणि म्हणायची, “हे माझ्या भावाचं काम न्हाई. हे खेकड्यानं कातरलंय. उगा त्यांचं नाव घेऊ नका.”

तिला ते कळायचं. खेकड्याचं भोक वेगळं, ओंडक्यानं फाडलेलं वेगळं, ऊदाच्या दातांचं वेगळं. रोज सकाळी ती जांभळकोंडावर भांडी घासायला जायची. कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. उन्हाळ्यात बाकीची नदी दगडांतून झिरपत राहिली तरी तिथं पुरुषभर पाणी असतं. पलीकडच्या काठाला, जांभळीच्या मुळांत, ऊदांचं बीळ होतं. आई, बाप आणि तीन पोरं. एका सपाट खडकावर ते रोज नेमानं शी करून जायचे, आणि पारू काडीनं ती उकरून बघायची. खवलं मोठी असली की घरी येऊन सांगायची, “कोंडात खडस मासा वाढलाय हां. अजून जाळं टाकू नका, थोडा मोठा होऊ द्या.” लोक हसायचे, पण थांबायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलातली गोष्ट. दिग्गीत देवीचा उत्सव होता. अख्खं फणसमळ तिकडं गेलेलं. गुडघ्यामुळं पारू तेवढी राहिली होती. दुपारी हांडा घेऊन ती कोंडावर गेली आणि वाटेतच तिच्या नाकाला काहीतरी झोंबलं. पंचायतीची माणसं विहिरीत पावडर टाकतात तसला वास. खाली उतरून पाहते तर पाणी दुधाळ झालेलं आणि त्याच्यावर मासे पोटं वर करून तरंगताहेत. खडस, शेंगाळ, वाम, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. मोठे मासे कुणी वेचून नेले होते. बारके सडायला ठेवले होते.

आणि खडकावर ऊदाची मादी होती. मेलेला एकेक मासा ती हुंगत होती आणि टाकून देत होती. पोरं तिच्या मागं चिकटून चिरकत होती. पारूला बघून एरवी ती पाण्यात शिरली असती. त्या दिवशी पाण्यात शिरायची तिला भीती वाटत होती. शेवटी तिनं पोरांना पुढं घातलं आणि दगडांवरून, उन्हातून, नदीच्या वरच्या अंगाला निघून गेली. पारूनं हांडा तसाच रिकामा परत आणला.

कुणी केलं असेल, याचा शोध घ्यायला तिला कुठं जावं लागलं नाही. चौथ्या दिवशी कृष्णाच तिच्या ओसरीवर आला.

“अक्का, हे जाळं बघ गो. धरलं की तुटतंय. दोरा कुजला बहुतेक.”

पारूनं जाळं मांडीवर घेतलं. गेल्या वर्षीच तिनं ते विणलं होतं. नायलॉनचा दोरा इतक्यात कुजत नाही. तो पिवळा पडला होता, ठिसूळ झाला होता. तिनं जाळं नाकाशी नेलं.

“तू पावडर घातलीस,” ती म्हणाली.

कृष्णा खाली बसला.

“उत्सवाला गेला न्हाईस तू?”

“मधनं परत आलो. पोरीच्या, रक्षिताच्या सासरचे यायचे होते दुसऱ्या दिवशी, रामनगरहून. पहिल्यांदा येणार सोयरे. त्यांच्या पानात खडस वाढायचा होता. दोन दिवस गळ टाकून बसलो, एक लागला न्हाई. आपले जुने लोक गेळफळ कुटून घालायचे की पाण्यात. मला वाटलं, तसंच हे.”

“गेळफळानं मासा गुंगतो. घटकाभरानं पाणी वाहिलं की उरलेला पळून जातो. हे तसं हाय का? जाऊन बघ कोंडात. बेडूक तरी राहिलाय का ते सांग मला.”

“कुणाला सांगू नकोस, अक्का.”

“मी सांगणार न्हाई,” पारू म्हणाली. “पण हे जाळं मी हातात धरणार न्हाई. तुझंच न्हाई, कुणाचंच. गावानं बसून ठरवू दे कोंडाचं काय करायचं. तोवर माझी सुई बंद.”

कृष्णाला वाटलं, रागाचं बोलणं आहे, चार दिवसांनी निवळेल. पण दुसऱ्या दिवशी पारूनं ओसरीवरची सगळी जाळी ज्याच्या त्याच्या घरी पोचवली. पंधरा जाळी, फाटलेली तशीच. प्रत्येक दारात एकच वाक्य बोलली, “कोंडात पावडर पडलीय. मिटिंग घ्या, मग आणा.”

आता मे लागला होता. मिरगानंतर मासे प्रवाहाच्या उलट, वर चढतात आणि ओढ्याओढ्यातून शेतापर्यंत येतात. वर्षभराचं सुकट त्या आठवड्यात होतं. जाळी नसली तर काय करायचं? बायकांनी विनवून पाहिलं. कृष्णाची बायको सुमंगला दोनदा येऊन रडून गेली. कृष्णानं बहिणीशी बोलणं टाकलं. दोन घरांच्या मधे साधं कुंपणही नाही, पण तो तिच्या ओसरीसमोरून जायचं सोडून मागच्या बाजूनं, शेणाच्या खड्ड्याला वळसा घालून जाऊ लागला.

वनखात्याचा गार्ड किरण चौकशीला आला. कानडी मुलखातला, समजूतदार माणूस. “पारूअक्का, नाव सांगा. मी केस घालतो,” तो म्हणाला.

“केस घातलीस की एक माणूस जेलात जाईल आणि बाकीची एकवीस घरं तुझ्यावर चिडतील. कोंड तसाच राहील,” पारू म्हणाली. “थांब जरा. गाव काय म्हणतंय बघू.”

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गाव देवळाच्या अंगणात बसलं. गावचा मुख्य माणूस, गावकर महाबळेश्वर, ऐंशीचा, ऐकायला कमी येणारा, पण त्याच्याशिवाय बैठक होत नाही. बोलायला सुरुवात झाली तशी सगळ्यांना एकच सोयीची वाट सापडली. कुणी म्हणालं, बाहेरची पोरं मोटरसायकलवरून येतात, त्यांचंच काम. दुसऱ्यानं मान डोलावली. तिसऱ्यानं तर त्यांची गाडीही पाहिली होती, लाल रंगाची. पाच मिनिटांत सगळं बाहेरच्यांवर ढकलून झालं आणि माणसं जरा सैल होऊन बसली.

पारू खांबाला टेकून बसली होती. तिनं फक्त खाली पाहिलं.

मग मागून कृष्णा उठला.

“बाहेरचं कोण न्हाई,” तो म्हणाला. “मी घातली.”

महाबळेश्वरनं कानाला हात लावला. “काय म्हणतोय तो?”

कृष्णाला तेच पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. “मी घातली पावडर! सोयऱ्यांसाठी. चूक झाली. अक्काला ठाऊक होतं, तिनं सांगितलं न्हाई. माझ्यामुळं तुमची जाळी अडकलीत.” आणि तो तसाच उभा राहिला. बसावं की जावं हे त्याला कळेना. सुमंगलानं त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं.

शिव्या पडल्या, नाही असं नाही. पण दोघातिघांनी खाली मान घातली होती. मागच्या कुठल्यातरी उन्हाळ्यात, कुठल्यातरी ओढ्यात, थोडी पावडर त्यांनीही घातली होती. महाबळेश्वरनं सगळ्यांना बोलू दिलं. मग पारूला विचारलं, “तुझं काय म्हणणं, पोरी?”

पारूनं डाव्या हाताची चार बोटं जुळवून समोर धरली. “जाळ्याचा डोळा एवढा. ह्याच्याहून बारीक डोळ्याचं जाळं मी विणणार न्हाई. पिल्लं सुटून जाऊ देत. जांभळकोंडात कुणी काहीच टाकायचं न्हाई, गळसुद्धा. तो बियाण्याला ठेवायचा. आणि उन्हाळ्यात रोज दोन घरांनी कोंडावर बसायचं, पाळीनं.”

“आणि ऊदानं फाडलं तर?” कुणीतरी विचारलं.

“तर मी शिवून देईन. आजवर दिलं न्हाई का?”

देवापुढं नारळ ठेवून ते ठरलं.

पण खरं काम पुढंच होतं. गावातली सगळी जाळी बारीक डोळ्याची. मिरगाला तीन आठवडे उरलेले. एकटीच्या बोटांनी होणार नव्हतं. तेव्हा शिल्पा आणि सोनाली, दोघी नुकत्या लग्न होऊन आलेल्या सुना, तिच्या ओसरीवर येऊन बसल्या. त्यांच्या मागं आणखी चौघी आल्या. पारूनं त्यांना गाठ शिकवली, चुकली की उसवायला लावली, आणि चारदा उसवून शिल्पाच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिला आतून गुळाचा चहा आणून दिला. कृष्णा लांबून बघायचा. तो बहिणीशी अजून बोलत नव्हता. पण एका सकाळी पारूच्या ओसरीवर सहा नव्या बांबूच्या सुया ठेवलेल्या दिसल्या, घासून गुळगुळीत केलेल्या. कुणी ठेवल्या हे तिनं विचारलं नाही.

पुढच्या मार्चात पारू आणि सुमंगलाची कोंडावर पाळी होती तेव्हा खरोखरच बाहेरचे तिघे मोटरसायकल घेऊन आले. हातात पिशवी. पावडरच होती, वासावरून कळत होतं. दोघी बायका आणि ते तिघे दांडगे. सुमंगला घाबरली. पारू उठली, बरोबर आणलेल्या कळशीतला तांब्या घेऊन पाण्यात गुडघाभर शिरली.

“घाला,” ती म्हणाली. “पण आमचं अख्खं गाव हेच पाणी पितं. तुम्ही पावडर घातलीत की मी तांब्या भरून देते, तुम्ही तिघांनी आधी एकेक प्यायचा. मगच मासे न्यायचे.”

तिघे एकमेकांकडे बघत राहिले. त्यातला एक हसायला गेला, पण पारू तांब्या पुढं धरून तशीच उभी होती. तोवर सुमंगलाच्या हाकेनं वरच्या शेतातनं माणसं उतरू लागली होती. पहिला पोचला कृष्णा, हातात कोयता, धापा टाकत. त्यानं त्या तिघांकडे पाहिलंही नाही. पाण्यात उतरून बहिणीचा दंड धरला आणि ओरडला, “गुडघे दुखतात ना तुझे? गार पाण्यात कशाला शिरलीस?”

दहा महिन्यांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला होता. पारूला त्या तिघांवर आलेला राग त्या एका वाक्यानं विरून गेला. ते तिघे कधी निघून गेले, तेही तिला कळलं नाही.

ऊद परत यायला आणखी एक पाऊसकाळ जावा लागला. यंदा जानेवारीत शिल्पा कोंडावरून पळत आली आणि ओरडत राहिली, “अक्का, भाऊ आले! तुझे भाऊ आले!” सगळी आळी काठावर गोळा झाली. दोनच होते. पाण्यातून डोकी वर काढून त्यांनी गर्दीकडे पाहिलं, फुरफुरले आणि बुडी मारली. तेच जुने की दुसरे, हे पारूलाही सांगता आलं नाही. “कुणी का असेनात,” ती म्हणाली. “पाणी पसंत पडलंय त्यांना.”

आता बाजारकुणंग गावच्या बायकांनी निरोप पाठवलाय, की चार बोटांचं जाळं आम्हालाही शिकवा आणि आमच्या बैठकीला येऊन बसा. पारू नाही म्हणत होती. इतक्या लांब कसं जायचं, बसची वेळ धड नाही, गुडघे असले. कृष्णानं आपली मोटरसायकल पुसून दारात उभी केली. ती आयुष्यात कधी त्या गाडीवर बसली नव्हती.

“मी पडेन,” ती म्हणाली.

“मला धरून बस घट्ट.”

“हळू चालव. वळणावर हॉर्न वाजव. आणि पुढं बघ, माझ्याशी बोलू नकोस.”

“व्हय गो, व्हय.”

पारूनं सुयांची पिशवी गळ्यात अडकवली, दोन्ही हातांनी भावाच्या पोटाला मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. गाडी गावाबाहेर पडली, रानात शिरली, तरी तिचं सांगणं सुरूच होतं. हळू चालव, खड्डा बघ, हळू.